बेंचवर जुळलेली रायफल रानात का चुकते: हरणाच्या शिकारीसाठी स्कोपची तयारी

पुढचा सगळा मजकूर अमेरिकेतल्या, त्यातही विस्कॉन्सिन राज्यातल्या नोव्हेंबरच्या हंगामाला धरून लिहिला आहे, हे आधीच सांगितलेले बरे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली चितळ, सांबर, काळवीट, भेकर यांपैकी कशाचीही शिकार हा गुन्हा आहे आणि या लेखातली एकही ओळ तिकडे लागू करण्यासाठी नाही. विस्कॉन्सिनमध्ये थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी पांढऱ्या शेपटीच्या हरणांचा नऊ दिवसांचा बंदुकीचा हंगाम सुरू होतो आणि त्याआधीचे दोन आठवडे गावोगावी जी लगबग असते ती पाहून गणपतीच्या आधीची आपल्याकडची आवराआवर आठवते. १ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला शिकार-सुरक्षेचा अभ्यासक्रम पूर्ण केल्याशिवाय इथे बंदुकीच्या शिकारीचा परवाना मिळत नाही, आणि हंगामात कमरेच्या वरचे निम्मे तरी बाह्य कपडे झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी असावे लागतात. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या मराठी वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार अशा व्यक्तीला बंदूक जवळ बाळगण्याची सर्वसाधारणपणे मनाई आहे, आणि वैध शिकार परवाना हा त्या मनाईला असलेल्या मोजक्या अपवादांपैकी एक आहे. म्हणून आधी परवाना आणि मग रायफल, हा क्रम उलटा होऊ देऊ नये. शंका असेल तर मित्राला न विचारता वकिलाला विचारावे.

आता मूळ विषय. माझ्या पहिल्या हंगामाआधी मी सप्टेंबरच्या उन्हात, टी-शर्ट घालून, रेंजवरच्या भक्कम लाकडी बेंचवर रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवून १०० यार्डांवर (यार्ड म्हणजे मीटरपेक्षा थोडे कमी) दीड इंचात तीन गोळ्या बसवल्या आणि तयारी झाली असे समजलो. नोव्हेंबरात पहाटे एका ओकच्या बुंध्याला पाठ टेकून, जाड कोट घालून बसलो असताना साठ-सत्तर यार्डांवर हरीण आले. मी रायफल खांद्याला लावली, तर स्कोपमध्ये (रायफलीवर बसवलेल्या नेमाच्या दुर्बिणीत) चंद्रकोरीसारखा काळा डाग आणि मधोमध अंधूकसा रानाचा तुकडा. डोके पुढे सरकव, मागे घे, या गडबडीत कोटाची बाही दस्त्यावर घासली, आवाज झाला आणि हरीण शेपटीचा पांढरा झेंडा उभारून निघून गेले. रायफलीत दोष काहीच नव्हता. ती एका मुद्रेसाठी जुळवलेली होती आणि मी दुसऱ्याच मुद्रेत बसलो होतो.

बेंच ही रायफल तपासण्याची जागा आहे, रायफल अंगाला बसवण्याची नव्हे. स्कोप कुठे बसवायचा, तो किती शक्तीवर (किती पट मोठे दाखवेल असा) ठेवायचा, रायफलीचा पट्टा कुठे बांधायचा आणि किती अंतरापर्यंत गोळी झाडायची, हे चारही निर्णय पालथे झोपून, बसून, गुडघा टेकून आणि उभे राहून केलेल्या सरावातून घ्यावे लागतात.

हत्यार हातात घेण्याआधी

खाली सांगितलेली प्रत्येक जोडणी रिकाम्या रायफलीवरच करायची आहे. बोल्ट (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा दांडा) काढून ठेवावा, चेंबरमध्ये (काडतूस बसते त्या नळीच्या मागच्या पोकळीत) डोळ्याने पाहावे, करंगळी घालून चाचपावे आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवावीत. विस्कॉन्सिनच्या अभ्यासक्रमात चार नियम पाठ करून घेतात. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे समजून वागावे, नळीचे तोंड सदैव सुरक्षित दिशेला ठेवावे, लक्ष्य आणि त्याच्या मागे काय आहे याची खात्री करावी, आणि गोळी झाडण्याच्या क्षणापर्यंत बोट चापाच्या कड्याबाहेर ठेवावे. यातला तिसरा नियम स्कोपवाल्यांना जास्त लागू आहे, कारण हालचाल दिसली की स्कोप लावून काय आहे ते पाहण्याचा मोह अनावर असतो. स्कोप म्हणजे पाहण्याची दुर्बीण नव्हे. झाडीत हलणारे ते नारिंगी टोपी काढून बसलेला माणूस असू शकतो, आणि तुम्ही त्याच्यावर भरलेली रायफल रोखलेली असते. पाहण्यासाठी गळ्यात वेगळी दुर्बीण हवीच.

स्कोप कुठे बसवावा

स्कोपमधून पूर्ण गोल चित्र दिसण्यासाठी डोळा मागच्या भिंगापासून ठराविक अंतरावर लागतो. त्याला आय रिलीफ म्हणतात आणि शिकारीच्या बहुतेक स्कोपमध्ये ते साडेतीन इंचांच्या आसपास असते. अडचण अशी की मुद्रा बदलली की डोके दस्त्यावर पुढेमागे सरकते. पालथे झोपल्यावर मान पुढे ताणली जाते आणि डोळा भिंगाच्या जवळ येतो. उभे राहिल्यावर डोके ताठ राहते आणि डोळा मागे जातो. बसलेली आणि गुडघा टेकलेली मुद्रा या दोहोंच्या मध्ये पडतात. त्यात कोटाची जाडी आली की दस्ता खांद्यापासून आणखी पुढे जातो. दुकानदार सहसा काउंटरमागे उभा राहून, शर्टावर स्कोप बसवून देतो. माझ्या रायफलीलाही तो तसाच बसवून मिळाला होता.

योग्य पद्धत अशी. रिंगांचे (स्कोपला रायफलीवर धरणाऱ्या कड्यांचे) स्क्रू इतकेच आवळावेत की स्कोप हाताने सरकेल पण आपोआप घसरणार नाही. हंगामातला कोट आणि हातमोजे घालावेत, मग घरात पंख्याखाली घाम आला तरी चालेल. स्कोपची शक्ती सर्वांत जास्त ठेवावी, कारण जास्त शक्तीवर डोळ्याला मिळणारी मोकळीक सर्वांत कमी असते आणि तिथे जमले की खाली सगळीकडे जमते. आता डोळे मिटून रायफल खांद्याला लावावी, गाल दस्त्यावर जिथे सहज टेकेल तिथे टेकू द्यावा आणि मग डोळे उघडावेत. कडेला काळी छाया दिसली तर डोके हलवू नये, स्कोप हलवावा. हे झोपून, बसून, गुडघ्यावर आणि उभ्याने, प्रत्येकी चार-पाच वेळा करावे आणि प्रत्येक मुद्रेत स्कोपची जागा रिंगेजवळ कागदी चिकटपट्टीवर पेन्सिलीने नोंदवावी. माझ्या रायफलीवर झोपलेल्या आणि उभ्या मुद्रेच्या खुणांमध्ये जवळजवळ पाऊण इंचाचा फरक आला. बसलेल्या मुद्रेची खूण मध्ये आली आणि रानात मी बहुतेक वेळा बसूनच असतो, म्हणून स्कोप तिथे पक्का केला. ज्याला मोकळ्या गवताळ टेकडीवर झोपून गोळी झाडायची आहे त्याने मात्र झोपलेल्या मुद्रेच्या खुणेकडे झुकावे आणि स्कोप थोडा पुढे ठेवावा, कारण जवळ आलेल्या डोळ्याची किंमत भुवईला मोजावी लागते. धक्क्याने मागे येणारी स्कोपची कडा भुवईवर अर्धचंद्राकृती जखम करते आणि ती जखम पाहून रेंजवरचे सगळे काय ते समजतात.

स्कोपची उंचीही इतकीच महत्त्वाची आहे. गाल दस्त्यावर घट्ट टेकलेला असताना डोळा आपोआप भिंगाच्या मध्यावर आला पाहिजे. हनुवटी टेकवून किंवा मान उचलून पाहावे लागत असेल तर रिंगा फार उंच आहेत. त्या बदलाव्यात, नाहीतर दस्त्यावर पट्ट्याने बांधायची गालाची गादी लावावी. बेंचवर मान उचललेली चालून जाते. गुडघ्यावर बसून, हृदय धडधडत असताना, हवेत लोंबणारे डोके दोन वेळा एकाच जागी येत नाही.

जागा ठरल्यावर फुली (स्कोपमध्ये दिसणाऱ्या नेमाच्या उभ्या-आडव्या रेघा) सरळ आहे का ते पाहावे. रायफल छोट्या पाणसळीने समतल धरावी, समोर दोरीला वजन बांधून ओळंबा लटकवावा आणि फुलीची उभी रेघ त्या दोरीशी जुळवावी. शंभर यार्डांच्या आत रायफल पाच अंशांनी कलली तरी काही बिघडत नाही, पण ३०० यार्डांवर तेवढ्याच कलण्याने गोळी सुमारे दोन इंच बाजूला जाते. नंतर स्क्रू आवळताना टॉर्कचा पाना (किती जोराने आवळले ते मोजणारा) वापरावा. रिंगेच्या वरच्या स्क्रूंसाठी उत्पादक बहुधा १५ ते १८ इंच-पाउंड सांगतात, तरी आपल्या रिंगेसोबत आलेल्या कागदावर जो आकडा असेल तोच खरा. स्क्रू आडवे-तिडवे, थोडे थोडे करून आवळावेत, म्हणजे दोन्ही बाजूंची फट सारखी राहते. एकच बाजू आधी पूर्ण आवळली तर फुली फिरते आणि ओळंब्याची मेहनत वाया जाते.

एवढे झाल्यावर मागच्या भिंगाचे कडे फिरवून फुली स्वतःच्या डोळ्याला स्पष्ट करावी. त्यासाठी मोकळ्या आभाळाकडे एकेक दोन सेकंदच पाहावे. जास्त वेळ पाहिले तर डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि आपली फसगत होते. सूर्याच्या दिशेने अर्थातच कधीही पाहू नये.

झिरो करताना

झिरो करणे म्हणजे ठरावीक अंतरावर गोळी फुलीशी जुळेल असा स्कोप जुळवणे. शिकारीसाठी ठरवलेल्या काडतुसांनीच झिरो करावे. तेच वजन, तीच गोळी, शक्यतो एकाच खोक्यावरचा लॉट. एकाच रायफलीतून १५० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) आणि १८० ग्रेनची गोळी १०० यार्डांवर दोन-तीन इंचांच्या फरकाने लागणे अगदी नेहमीचे आहे.

सुरुवात २५ यार्डांवर करावी. बोल्ट काढून नळीतूनच लक्ष्याचा मध्य पाहावा, रायफल हलू न देता स्कोपची फुली त्या मध्यावर आणावी आणि मग पहिली गोळी झाडावी. बहुतेक अमेरिकी स्कोपमध्ये एक टिचकी (जुळणीची कळ फिरवताना होणारा एक ‘क्लिक’) म्हणजे पाव एमओए (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग), म्हणजे १०० यार्डांवर साधारण पाव इंच. २५ यार्डांवर तीच टिचकी फक्त एक षोडशांश इंच सरकवते. त्यामुळे २५ यार्डांवर गोळी दोन इंच खाली लागली तर ३२ टिचक्या द्याव्या लागतात आणि १०० यार्डांवर तेवढ्याच चुकीला आठ पुरतात. नवखा माणूस इथे हमखास गोंधळतो आणि निम्मे खोके संपवतो.

शंभर यार्डांवर आल्यावर तीन-तीन गोळ्यांचे गट झाडावेत आणि दुरुस्ती एका गोळीवरून न करता गटाच्या मध्यावरून करावी. गटांच्या मध्ये नळी हाताला गार लागेपर्यंत थांबावे. शिकारीत नळी नेहमी थंडच असते, म्हणून पहिली थंड गोळी कुठे लागते ते वेगळ्या कागदावर, वेगवेगळ्या दिवशी, चार-पाच वेळा नोंदवावे. माझ्या मते हाच कागद खरा. रानात दुसरी गोळी झाडायची वेळ येईलच असे नाही.

.३०८ विंचेस्टरची १५० ग्रेनची गोळी १०० यार्डांवर दोन इंच वर लागेल असे ठेवले तर ती २०० यार्डांच्या आसपास नेमकी मध्यावर येते आणि ३०० यार्डांवर आठ-नऊ इंच खाली जाते. हरणाच्या फुप्फुसांचा आणि हृदयाचा भाग साधारण आठ इंच व्यासाचा असतो. म्हणजे या जुळणीत २०० यार्डांपर्यंत वर किंवा खाली धरण्याचा विचार करावा लागत नाही, आणि तो करावा लागू नये हेच उद्दिष्ट आहे. घनदाट झाडीत, जिथे ऐंशी यार्डांपलीकडे दिसतच नाही, तिथे सरळ १०० यार्डांवर मध्यावर ठेवले तरी उत्तम.

बेंचवर झिरो झाले की लगेच उठावे आणि त्याच दिवशी, त्याच लक्ष्यावर, बसून पट्ट्याच्या आधाराने पाच गोळ्या झाडाव्यात. गट मोठा होईल, ते अपेक्षितच आहे. पाहायचे ते गटाचा मध्य सरकला का. तो ठरावीक दिशेला दीड-दोन इंच सरकला असेल तर बहुधा दस्त्याचे पुढचे लाकूड पट्ट्याच्या ताणाने नळीला टेकते आहे. एक डॉलरची नोट नळी आणि लाकडाच्या मध्ये घालून मागे चेंबरपर्यंत सरकते का ते पाहावे. कुठे अडकली तर ती जागा बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडून मोकळी करून घ्यावी. बेंचवर वाळूची पिशवी लाकडाला रोज एकाच ठिकाणी उचलून धरते, म्हणून हा दोष तिथे वर्षानुवर्षे लपून राहतो. याच कारणासाठी नळी स्वतः कधीही फांदीवर, खडकावर किंवा कुंपणाच्या खांबावर टेकवू नये. कठीण वस्तूवर टेकलेली नळी धक्क्याने उसळते आणि गोळी वर जाते. टेकवायचे ते पुढचे लाकूड, आणि तेही मध्ये हाताचा तळवा, टोपी किंवा घडी केलेला हातमोजा ठेवून.

चार मुद्रा

मराठी घरांत नेमबाजी परकी नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले, तेव्हा गुडघा टेकून, झोपून आणि उभे राहून अशा तीन मुद्रा असतात हे अनेकांना पहिल्यांदा कळले. त्या खेळात दुर्बीण नसते, पोशाख ताठ असतो आणि लक्ष्य जागचे हलत नाही, त्यामुळे शिकारीशी तुलना फार ताणू नये. तरी मुद्रेचे मूळ तत्त्व एकच आहे. रायफल हाडांवर तोलावी, स्नायूंवर नाही. स्नायू थकतात आणि थरथरतात.

पालथे झोपून मारणे सर्वांत स्थिर, पण विस्कॉन्सिनच्या रानात सर्वांत कमी उपयोगाचे. जमिनीपासून एक फुटावर डोळा नेला की समोर फक्त वाळलेले गवत आणि ब्रॅकन नेच्याची पाने दिसतात. मोकळे शेत किंवा उतार असेल तर पाठीवरची पिशवी पुढे टाकून तिच्यावर रायफल ठेवावी, आणि मागच्या टोकाखाली मूठ किंवा मोजा धरून मूठ आवळत-सोडत फुली वरखाली करावी. दुपाई स्टँड विकत घेण्याआधी एक हंगाम पिशवीवर काढून पाहावा, एवढेच सुचवतो.

बसलेली मुद्रा मी सगळ्यांत जास्त घोटून घेण्यास सांगेन. लक्ष्याच्या दिशेपेक्षा उजवीकडे साधारण ३० ते ४५ अंश वळून बसावे (डावखुऱ्यांनी उलट), पाय पसरून टाचा जमिनीत रुतवाव्यात आणि पुढे वाकून दोन्ही कोपरे गुडघ्यांच्या पुढच्या बाजूला, मांडीच्या आतल्या मांसल भागावर टेकवावेत. कोपराचे टोक गुडघ्याच्या वाटीवर ठेवले तर गोल हाडावर गोल हाड घसरते आणि फुली लक्ष्यावर नाच करू लागते. मांडी घालून बसण्याची आपली जन्माची सवय इथे फार उपयोगी पडते. इथल्या मित्रांना जी मुद्रा दोन मिनिटांत नकोशी होते तिच्यात आपण पंक्तीला बसल्यासारखे अर्धा तास राहू शकतो. मांडी घातल्यावर कोपरे गुडघ्यांच्या आतल्या खोबणीत टेकवावेत. मागे झाड असेल तर पाठ टेकवावी.

गुडघा टेकलेली मुद्रा ही झुडपांवरून पाहण्यासाठी आणि घाईसाठी. उजवा गुडघा जमिनीवर, उजव्या टाचेवर बैठक, आणि डावे कोपर डाव्या गुडघ्याच्या किंचित पुढे. यात उजवे कोपर मोकळे राहते आणि हेलकावे आडवे होतात. ते कोपर पिशवीवर, झाडाच्या बुंध्यावर किंवा शेजारच्या काठीवर टेकवता आले तर फरक लगेच दिसतो. खरे तर सर्व मुद्रांमध्ये हे लागू आहे. पुढे आधार सगळेच शोधतात, पण चाप ओढणाऱ्या हाताच्या कोपराला आधार दिल्याने फुली जितकी शांत होते तितकी दुसऱ्या कशाने क्वचितच होते. तीन पायांच्या काठ्या घेऊन फिरणाऱ्यांनी बसताना पिशवी मांडीवर, उजव्या कोपराखाली ओढून पाहावी.

उभ्याने गोळी झाडणे हा शेवटचा उपाय. झाड जवळ असेल तर डाव्या हाताचा तळवा बुंध्यावर दाबून, ताणलेल्या अंगठ्यावर पुढचे लाकूड ठेवावे. झाड नसेल तर पट्ट्यातून डावा हात घालून कोपर बाहेर ढकलावे, म्हणजे पट्टा छातीवर ताणला जाऊन रायफल खांद्यात खेचली जाते. पट्ट्याची लांबी या वापरासाठी जुळवावी, खांद्यावर अडकवण्यासाठी नव्हे. जुळली की बकलावर रंगीत खूण करावी.

मुद्रा कोणतीही असो, तिची परीक्षा एकच. लक्ष्यावर फुली आणावी, डोळे मिटावेत, दोन श्वास घ्यावेत, डोळे उघडावेत. फुली डावीकडे गेली असेल तर हातांनी ओढून परत आणू नये, बूड किंवा पाय सरकवून सगळे शरीर वळवावे. श्वास अर्धा सोडून थांबावे आणि चाप हळूहळू दाबावा. पाच-सहा सेकंदांत गोळी सुटली नाही तर श्वास घेऊन पुन्हा सुरुवात करावी. हा सगळा सराव घरी, रिकाम्या रायफलीवर, नकली काडतूस घालून, रोज दहा मिनिटे करता येतो. समोरच्या भिंतीपलीकडे कोणी नसावे आणि काडतुसे त्या खोलीत नसावीत, एवढी अट पाळावी. हातमोजे घालूनच सराव करावा. जाड मोज्यातल्या बोटाला चाप कधी लागला ते कळत नाही, आणि हे नोव्हेंबरात कळण्यापेक्षा ऑक्टोबरात कळलेले बरे.

स्कोपची शक्ती

३ ते ९ शक्तीच्या, ४० मिलीमीटर भिंगाच्या स्कोपमधून बाहेर येणारा प्रकाशाचा झोत ९ वर साधारण साडेचार मिलीमीटर रुंद असतो आणि ४ वर दहा मिलीमीटर. आडव्यातिडव्या मुद्रेत, झाडाला टेकून, मान वाकडी करून डोळा त्या झोतात आणायचा असतो. म्हणून चालताना आणि बसताना स्कोप ३ किंवा ४ वर ठेवावा. हरीण दूर आणि निवांत असेल तर शक्ती वाढवायला वेळ मिळतोच. हरीण जवळ आले आणि स्कोप ९ वर असला तर समोर फक्त तपकिरी केसांची भिंत दिसते.

पॅरालॅक्सबद्दल, म्हणजे डोळा मध्यापासून सरकला की फुली लक्ष्यावरून हललेली दिसण्याबद्दल, लोक उगाच घाबरतात. स्कोप १०० यार्डांसाठी कायम केलेला असेल तर २०० यार्डांवर, डोळा अगदी कडेला गेला तरी, ४० मिलीमीटर भिंगात चूक जास्तीत जास्त पाऊण इंचाची होते. हरणाच्या बाबतीत ती धरू नये.

मचाण आणि खोपटे

मचाणावर चढताना रायफल अंगावर घेऊ नये. ती रिकामी करून, बोल्ट उघडा ठेवून, नळीचे तोंड खाली करून दोरीला बांधावी, आपण पूर्ण अंगाचा सुरक्षा पट्टा लावून वर जावे आणि स्थिर झाल्यावर तिला ओढून घ्यावे. वीस फुटांवरून खाली मारताना गोळी वर जाते असे सांगतात. ते तत्त्वतः खरे असले तरी पन्नास-साठ यार्डांवर मोजण्याइतका फरक पडत नाही. बदलतो तो गोळीचा अंगातून जाण्याचा मार्ग, म्हणून आत कुठे लागेल याचा विचार करून थोडे वर धरावे आणि गोळी पलीकडच्या अंगाला खाली बाहेर पडेल असे पाहावे. बसल्या जागी डावीकडे, उजवीकडे आणि मागे किती वळता येते ते अंधार असतानाच, रिकाम्या रायफलीने तपासावे. उजव्या हाताच्या माणसाला उजवीकडची बाजू जवळजवळ बंद असते.

खोपट्यात बसणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. स्कोपचा मध्य नळीच्या मध्यापेक्षा साधारण दीड इंच वर असतो. स्कोपमधून खिडकीच्या चौकटीवरून हरीण स्वच्छ दिसत असते आणि नळीचे तोंड मात्र चौकटीच्या फळीकडे रोखलेले असते. अशा भोक पडलेल्या फळ्या मी एकापेक्षा जास्त खोपट्यांत पाहिल्या आहेत. नळीचे तोंड नेहमी खिडकीबाहेर असावे, आणि झाडीत हाच नियम समोरच्या फांदीला लावावा.

आपले अंतर ठरवणे

जेवणाच्या कागदी थाळ्या साधारण नऊ इंचांच्या असतात. त्या जरा मोठ्या पडतात, म्हणून त्यांवर सहा इंचांचे वर्तुळ काढावे. हंगामाचा कोट, मोजे, पाठीवर पिशवी घेऊन, शंभर पावले भरभर चालून यावे आणि धाप लागलेली असतानाच एका मुद्रेत बसून पाच गोळ्या झाडाव्यात. पाचही वर्तुळात गेल्या तर ते अंतर त्या मुद्रेसाठी आपले. चार गेल्या तर नाही. पुढे यावे आणि पुन्हा झाडाव्यात. माझे आकडे झोपून २००, झाडाला टेकून बसून १५०, गुडघ्यावर १००, उभ्याने आधाराशिवाय ४० यार्ड असे आहेत आणि गेल्या तीन वर्षांत उभ्याचा आकडा वाढलेला नाही. ते दस्त्याच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीवर लिहिलेले आहेत, कारण शिंगांचा मोठा नर समोर आला की तोंडपाठ आकडेही माणूस विसरतो.

थंडी

हंगामाच्या आदल्या रात्री रायफल उबदार केबिनमध्ये आणू नये. शून्याखालच्या थंडीतून आत आणलेल्या काचेवर आणि नळीत दव धरते, सकाळी बाहेर नेल्यावर तेच गोठते. रिकामी रायफल गाडीत, कुलपाच्या पेटीत, थंडच राहू द्यावी. बोल्टवरचे जाड तेल आधीच पुसून काढावे, ते थंडीत घट्ट होऊन फायरिंग पिनचा (काडतुसावर आदळणाऱ्या सुईचा) ठोका हलका करते. नळीच्या तोंडावर इलेक्ट्रिकल टेपचा छोटा तुकडा लावला तर बर्फ आत जात नाही, आणि गोळी बाहेर पडण्याआधी पुढची हवाच तो उडवते, त्यामुळे नेमावर परिणाम होत नाही. स्कोपच्या मागच्या भिंगावर श्वास पडू नये म्हणून रायफल खांद्याला लावताना नाकाने बाजूला सोडावा. मफलर नाकापर्यंत ओढलेला असेल तर सगळी वाफ सरळ काचेवरच जाते. पुढच्यामागच्या भिंगांची झाकणे एका हाताने, मोज्यासह, आवाज न होता उघडतात का तेही पाहून ठेवावे.

बर्फावर पाय घसरून रायफल स्कोपवर आपटली, तर बाहेरून ओरखडाही दिसला नाही तरी ती शिकार तिथेच थांबवावी, रेंज गाठावी आणि २५ यार्डांवर पहिली गोळी झाडावी. माझ्याकडून हे दोनदा झाले. एकदा झिरो जसेच्या तसे होते. दुसऱ्यांदा गोळी पाच इंच डावीकडे लागली होती, आणि रिंगेजवळच्या चिकटपट्टीवरची पेन्सिलीची खूण स्कोपच्या कडेपासून केसभर दूर गेलेली होती.